धक्क्यावरची दहा मिनिटे

दोन महिन्यांपूर्वी आम्ही या पानावर बॅटरीवरच्या रिक्षांविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेकांनी रिक्षाची किंमत विचारली आहे. ती दुकानदाराला विचारावी, आम्ही काही विकत नाही. एक पत्र मात्र वेगळे निघाले. दाभोळ खाडीकाठच्या एका भगिनीचे ते आहे. माहेर खाडीच्या अल्याड, सासर पल्याड आणि मधे फेरीबोट, असा त्यांचा संसार. त्या लिहितात, "आमची फेरीबोट डिझेलवर चालते. आता बोटीसुद्धा बॅटरीवर निघाल्या आहेत म्हणे. मग मोबाइलसारखी ती रात्रभर चार्जिंगला लावायची का? आणि खाडीच्या मधोमध बॅटरी संपली तर? शेवगावला ना समुद्र ना खाडी, तुम्हाला यातले काय माहीत असणार, पण विचारून ठेवते."

टोमणा गोड आहे आणि निम्मा खरा आहे. समुद्र आम्ही मुंबईला जाऊनच पाहतो. पण पाण्याच्या बाबतीत आमचा तालुका अगदी कोरडाही नाही. तालुक्याच्या उत्तर अंगाला जायकवाडीचे पाणी पसरले आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले आणि पैठणच्या वरच्या अंगाला पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांबीचा नाथसागर उभा राहिला. शंभरएक गावे त्यात उठली. नव्या पिढीला हा तलाव म्हणजे जन्मापासून असलेली गोष्ट वाटते. आमच्या घरात मात्र अजून 'धरणाच्या आधी' आणि 'धरणाच्या नंतर' अशीच कालगणना चालते.

धरणाच्या आधी आमच्या मोठ्या फुफूंचे लग्न गोदावरीच्या पलीकडे, गंगापूर तालुक्यात झाले. तेव्हा ते फार लांबचे स्थळ नव्हते. उन्हाळ्यात लोक नदीचे पात्र पायी ओलांडत, पावसाळ्यात होडी असे. सकाळी निघालेला माणूस जोहरच्या आत पोहोचायचा. मग पाणी आले आणि मधली वाट त्याच्या पोटात गेली. आता पलीकडे जायचे तर एकतर पैठणवरून जावे, नाहीतर नेवाशाकडून कायगाव टोक्याच्या पुलावरून. सरळ रेषेत मोजले तर पाण्यावरून दहाएक किलोमीटर असेल, रस्त्याने ऐंशी-नव्वद. फुफूंच्या गावचे दिवे थंडीत रात्री आमच्या काठावरून दिसतात. दिसतात म्हणूनच जास्त लागते.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या हंगामात फजरच्या सुमारास फोन आला. फुफू गेल्या. जोहरनंतर दफन ठरले होते. आम्ही सगळे जीपने निघालो. त्या दिवशी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यात एक ट्रॉली आडवी झालेली. पोहोचलो तेव्हा कब्रस्तानातून लोक परत येत होते. जनाजा कोणासाठी थांबवू नये हे आम्हाला माहीत आहे, त्यामुळे कोणाला बोल लावला नाही. पण ज्या बाईने लहानपणी आम्हाला मांडीवर खेळवले तिला मिट्टी द्यायला मिळाली नाही. भाईजान, म्हणजे फुफूंचा मुलगा, एवढेच म्हणाले, "समोर तर राहता तुम्ही."

तर भगिनी, पाण्याच्या पलीकडे माहेर असणे म्हणजे काय, ते आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाची आम्ही जरा मन लावून चौकशी केली.

बोट बॅटरीवर चालवणे अवघड नाही. बॅटरी आणि मोटार बसवली की पंखा फिरतो. खरी अडचण काठावर असते. बस डेपोत रात्रभर उभी करता येते, पण फेरीबोटीचा धंदाच खेपांचा. इकडून माणसे घ्यायची, तिकडे सोडायची, पुन्हा फिरायचे. तिला धक्क्यावर मिळतात ती जेमतेम दहा मिनिटे, माणसे उतरण्या-चढण्याची. त्या दहा मिनिटांत पुढच्या खेपेपुरती वीज पोटात गेली पाहिजे.

हे गणित प्रथम नॉर्वेत सुटले. तिथे डोंगरांमधून समुद्राचे लांब लांब फाटे आत शिरलेले आहेत आणि गावे दोन्ही काठांना. आपल्या कोकणातल्या खाड्या आठवा आणि त्या दहापट खोल करा. सोग्न नावाच्या अशाच एका फाट्यावर लाविक आणि ओपेडाल ही दोन गावे समोरासमोर आहेत. अंतर सहा किलोमीटरांच्या आत, वेळ वीस मिनिटांचा. २०१५ साली तिथे 'अँपिअर' नावाची फेरीबोट सुरू झाली. १२० मोटारी आणि ३६० माणसे नेणारी, निव्वळ बॅटरीवर. गाड्या नेणारी एवढी मोठी फेरीबोट तोवर जगात कुठेही बॅटरीवर चालत नव्हती. दिवसाला चौतीस खेपा आणि प्रत्येक धक्क्यावर दहा मिनिटे.

आता तिचा खर्च आपल्या भाषेत सांगतो, कारण किलोवॅट-मेगावॅट म्हटले की आमच्या घरचे लोक उठून जातात. तिच्या पोटातली बॅटरी हजार युनिटांची. युनिट म्हणजे तेच, आपल्या लाईट बिलावर छापलेले. एका खेपेला तिला साधारण दीडशे ते दोनशे युनिट लागतात. पंखा, दिवे, टीव्ही आणि मिक्सर वापरणाऱ्या आमच्या घराला महिन्याला शंभरच्या आसपास लागतात. म्हणजे आमच्या घराची दीड-दोन महिन्यांची वीज ही बाई एका खेपेत पिते, आणि तीही दहा मिनिटांत पिते.

आमचा भाचा आयटीआय केलेला वायरमन आहे. त्याला हे सांगितले तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "मामू, दीडशे युनिट दहा मिनिटांत खेचायचे तर नऊशे किलोवॅट लागतील. आपल्या वस्तीवरची डीपी ६३ची आहे. शंभरची धरली तरी तशा नऊ डीपी एका बोटीला लागतील, आणि दहा मिनिटांनंतर नऊच्या नऊ रिकाम्या बसतील. गावातली एकही ट्यूब तेव्हा पेटणार नाही."

भाच्याचे म्हणणे बरोबर होते. गंमत अशी की लाविक-ओपेडालची अडचणही नेमकी हीच होती. नॉर्वे श्रीमंत देश, धबधब्यांवर वीज करणारा, पण ती दोन गावे लहान आणि तिथल्या तारा लहान गावाच्या. एवढा झटका त्या तारांना सोसणारा नव्हता. नवी लाईन ओढायची तर खर्च मोठा. मग त्यांनी काय केले? दोन्ही काठांवर एकेक जादा बॅटरी बांधली, अडीचशे युनिटांच्या वरची. बोट पाण्यात असते तेव्हा काठावरची बॅटरी गावच्या तारेतून हळूहळू भरत राहते. बोट आली की काठावरची बॅटरी आणि तार अशा दोघी मिळून तिला एकदम पाजतात. बोट निघाली की पुन्हा हळूहळू भरणे सुरू.

हे वाचले आणि आम्हाला आमच्या मशिदीचा हौद आठवला. त्याला येणारा नळ अर्ध्या इंचाचा आहे. त्या नळाखाली जुम्म्याच्या दिवशी दीडशे माणसे वजूला बसवली तर खुतबा संपेल आणि निम्मी माणसे रांगेतच राहतील. पण नळ रात्रभर करंगळीएवढ्या धारेने वाहत असतो, हौद भरतो आणि दहा मिनिटांत दीडशे माणसांचा वजू होऊन जातो. नळ मोठा कधीच केला नाही. हौद बांधला. आमच्या आजोबांच्या पिढीने बांधला, आणि त्यांच्यात एकही इंजिनिअर नव्हता. पुढचे सगळे हा हौद डोळ्यापुढे ठेवून वाचावे.

चार्जिंगचा जोड कसा लागतो, हेही ऐकण्यासारखे आहे. बोट धक्क्याला लागली तरी ती हलत असते. लाटेने वर-खाली, भरती-ओहोटीने आणखी वर-खाली. एवढ्या दाबाची जाड केबल माणसाने उचलून खोचायची म्हटले तर निम्मा वेळ त्यातच जाईल आणि जिवाला धोका वेगळा. अँपिअरसाठी धक्क्यावर मोठ्या सपाट चकत्या लावल्या आहेत. त्या हवा खेचून बोटीच्या कुशीला चिकटतात आणि तिला धरून ठेवतात. दोरखंड नको, आणि धक्क्याला टेकून राहण्यासाठी मोटार फिरवत ठेवणेही नको, तेवढी वीज वाचली. चार्जिंगचा जोड मनोऱ्यावरून खाली येतो आणि बोटीबरोबर हलत राहतो. स्वीडनचे हेलसिंगबोर्ग आणि डेन्मार्कचे हेलसिंगोर या दोन शहरांमध्ये चार किलोमीटरची खाडी आहे. तिथल्या दोन मोठ्या फेरीबोटी डिझेलवरून बॅटरीवर आणल्या, त्या २०१८ पासून चालतात. तिथे काठावर यांत्रिक हात आहे. बोट जवळ आली की तो स्वतःच बोटीवरचा जोड शोधतो, केबल ओढून घेतो आणि लावतो. दहा मिनिटांच्या आत बोट पुन्हा मोकळी.

पण नॉर्वे-स्वीडनच्या गोष्टी सांगून आम्ही थांबलो तर तुम्ही म्हणाल, ती श्रीमंतांची घरे. म्हणून केरळात येऊ. तिथले हवामान कोकणातल्यासारखे, दमट आणि भरपूर पावसाचे.

कोचीच्या आसपास खाजणात बेटेच बेटे आहेत. २५ एप्रिल २०२३ रोजी तिथे 'वॉटर मेट्रो' सुरू झाली. शंभर माणसांच्या बोटी, कोचीन शिपयार्डमध्येच बांधलेल्या, मेट्रोसारखेच तिकीट, मेट्रोसारखेच फाटक. बॅटरी आहे लिथियम टायटॅनेट जातीची. ही जात महाग आणि जड, पण झपाट्याने चार्ज केलेले तिला सोसते आणि तसे हजारो वेळा सोसते. माणसे चढता-उतरताना दहा-पंधरा मिनिटांत ती पुढच्या खेपांपुरती भरून निघते. भगिनी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. मधोमध बॅटरी संपली तर? तशी ती संपू देतच नाहीत. एका खेपेला लागते त्याच्या कितीतरी पट साठा ठेवून बोट निघते. शिवाय कोचीच्या बोटींवर अडीअडचणीला डिझेलचा जनरेटरही बसवलेला आहे. आम्हाला ही गोष्ट फार आवडली. नवीन वस्तू घेताना जुनीला लगेच घराबाहेर काढू नये. कोचीच्या या अनुभवावरून मुंबई महानगरासाठीही जलमेट्रोचा अहवाल कोचीच्याच मेट्रो कंपनीकडून करून घेण्याचे २०२५ साली ठरले. अहवाल झाले की बोटी येतातच असे नाही, पण तो मुंबईकरांचा विषय.

आमचा जीव मात्र कोचीपेक्षा वैकमच्या बोटीवर जास्त बसला. वैकम आणि तवणक्कडवू यांच्यामध्ये वेंबनाड तलावाचे अडीच किलोमीटर पाणी आहे. जानेवारी २०१७ पासून तिथे 'आदित्य' नावाची ७५ माणसांची बोट चालते. तिच्या छपरावरच सौर पाट्या आहेत, वीसएक किलोवॅटच्या. पोटात पन्नास युनिटांची बॅटरी. दिवसभर ऊन आणि बॅटरी मिळून खेपा होतात, पाव तासाची एक अशा वीस-बावीस. रात्री धक्क्यावर साध्या तारेला जोडून ठेवली की सकाळी तयार. घाई नाही, यांत्रिक हात नाही, नऊ डीपी नाहीत. त्याच मार्गावरच्या डिझेल बोटीला रोज शंभरएक लिटर डिझेल लागायचे, ते वाचले. चालवणारे केरळ सरकारचे जलवाहतूक खाते, म्हणजे आपल्या एसटीचे पाण्यावरचे भावंडच. एवढी साधी बोट, पण तिच्याविषयी आपल्याकडे बोलताना कोणी आम्हाला भेटलेले नाही. आपल्याला यांत्रिक हाताचे व्हिडिओ पाहायला आवडतात.

एक भीतीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण घराघरात आता बॅटरीची गाडी चार्जिंगला लागलेली असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेतल्याच 'युटेरॉयनिंगेन' नावाच्या फेरीबोटीच्या बॅटरीखोलीत आग लागली. बॅटरी थंड ठेवण्यासाठी फिरणारे द्रव गळाले आणि त्यातून ठिणगी झाली. आग विझल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी साठलेल्या वायूचा स्फोट झाला. विषारी वायूमुळे अग्निशमन दलाच्या लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. प्रवासी वाचले, अल्हम्दुलिल्लाह. तेव्हापासून बॅटरीखोलीतला वायू बाहेर कसा काढायचा याची काळजी फार वाढली. डिझेलही पेटते, पण त्याची आग आपल्या ओळखीची आहे. या आगीशी ओळख अजून व्हायची आहे. बोट घेणाऱ्याने आधी ती विझवणारी माणसे शिकवून ठेवावीत.

आता दाभोळ. तुमच्या फेरीबोटीवर माणसांबरोबर मोटारी, टेम्पो आणि ट्रक चढतात, म्हणून ती अँपिअरच्या वळणाची आहे, आदित्यच्या नाही. पण खाडी अरुंद, खेप थोड्या मिनिटांची. त्यामुळे एका खेपेला लागणारी वीजही बेताची आणि गाड्या चढेपर्यंत बोट फळी टाकून उभीच असते. तो उभा राहण्याचा वेळ हाच चार्जिंगचा वेळ. काठावर हौद मात्र बांधावा लागेल. वादळाने खांब पडले की कोकणात किती दिवस लाईट नसते, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. काठावर भरलेली बॅटरी असेल तर अशा दिवशी दवाखान्याची एखादी खेप तरी होईल.

राहता राहिला आमचा नाथसागर. इथे हिशेब भाच्यानेच मांडला, लाईट बिलाच्या मागच्या बाजूला. वैकमची बोट अडीच किलोमीटरची खेप करते आणि दिवसात वीस-बावीस वेळा करते. आपल्याला दहा किलोमीटर म्हणजे तिच्या चार खेपा एका दमात, साधारण तासाभराची वाट. सकाळी एक जाऊन-येऊन, संध्याकाळी एक, म्हणजे तिच्या सोळा खेपा. जमते. छपरावर ऊन तर आमच्याकडे केरळापेक्षा रगड. रात्री वस्तीवरच्या ६३च्या डीपीवर ती आरामात भरेल, कोणाची ट्यूब मंद होणार नाही. शेतीपंपांना लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची, पाळीपाळीने असते. तेव्हा बोटीची तार गावठाणच्या लाईनवर घ्यावी, असेही त्याने लिहिले आहे. वर हे पाणी छत्रपती संभाजीनगरकर पितात, आणि १९८६ पासून हा पक्षी अभयारण्याचा भाग आहे. हिवाळ्यात रोहित येतात. म्हणजे इथे चालायचीच असेल तर धूर आणि तेल न सांडणारी, गडगड न करणारी बोटच चालेल, तीही वनखात्याने परवानगी दिली तर.

अडचण निघाली ती आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हती. ती भाईजाननी फोनवर सांगितली. "धक्का कुठे बांधणार?" आम्ही म्हटले, काठावर. ते म्हणाले, "कोणत्या महिन्यातला काठ?"

बरोबर आहे. समुद्राची भरती-ओहोटी रोजची आणि मापातली असते. धरणाची ओहोटी वर्षाची. नाथसागर भरलेला असताना आणि तळाला गेलेला असताना पाण्याच्या पातळीत पंचवीस फुटांहून जास्त फरक पडतो, आणि आमचा काठ ताटासारखा सपाट. पाणी फूटभर उतरले की काठ कितीतरी पावले मागे जातो. दिवाळीत जिथे लाटा लागतात तिथे उन्हाळ्यात लोक गाळपेर करतात. कोचीच्या धक्क्यांवर तरंगते पाट आहेत, बोटीबरोबर वर-खाली होणारे, म्हणून म्हातारी माणसे आणि चाकाच्या खुर्चीतली माणसेही पाऊल न अडखळता चढतात. तसा पाट इथे उभा वर-खाली होऊन भागणार नाही. त्याला अर्धा-एक किलोमीटर आडवेही चालावे लागेल, आणि त्याच्यामागून विजेच्या तारेलाही.

आम्ही जरा खट्टू झालो. भाचा म्हणाला, "त्यात काय मामू? मोटारी नाही का चालत?" आणि खरेच, आमच्या काठचा प्रत्येक शेतकरी हे गेली चाळीस वर्षे करत आला आहे. पाणी मागे सरले की तो चारी खोदतो, पाइपला पाइप जोडतो, केबल लांबवतो आणि मोटार पाण्यामागे नेतो. पाऊस आला की उलटे पाऊल घेतो. सरकी काढलेल्या रानातून पाण्याकडे गेलेल्या काळ्या केबली उन्हाळ्यात कोणीही येऊन पाहाव्यात. मात्र त्या उघड्या जोडांना चिकटून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात, तेव्हा बोटीसाठी अशी केबल ओढायला आमचा सपशेल विरोध राहील. त्यापेक्षा आदित्यसारखी बोट, छपरावर ऊन, आणि उन्हाळ्याचे तीन महिने खेप एकच. रात्री ती भरलेल्या बाजूच्या कायमच्या धक्क्यावर, जिथे पाणी खोल राहते तिथे, मुक्कामाला जाईल. कुठे खोल राहते ते भोई बांधवांना विचारावे, त्यांना इंच न इंच माहीत आहे. पावसाळ्यात वारा सुटला की नाथसागरावर छातीएवढ्या लाटा उठतात. त्या दिवशी बोट सोडू नये, हेही तेच सांगतील.

हा सगळा हिशेब आम्ही भाईजानना पाठवला. त्यांनी तो त्यांच्या गावच्या दोघा-तिघांना वाचून दाखवला आणि काल फोन केला. लोकांना बोट पसंत आहे, धक्क्याची जागाही एकाने सुचवली आहे. फक्त रात्री चार्जिंगला लावायचे म्हणता त्या डीपीचे ऑइल मागच्या आठवड्यात पुन्हा चोरीला गेले आहे, तेव्हा ते भरून येईपर्यंत जरा थांबा म्हणाले.